एका घरात दोन चुली

निवडुंगाला पानं का नसतात?

हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात आणि त्यांची आईही विचारते. उत्तर पाठ असतं: पाणी वाचवायला. पानं टाकून दिली, खोड फुगवून त्यात पाणी साठवलं, झालं. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात.

पण भाद्रपदात सह्याद्रीतल्या काही मोजक्या गडांवर, कातळाच्या एखाद्या खाचेत, या उत्तराला न जुमानणारं एक झाड दिसतं. खोड निवडुंगासारखं फुगीर आणि मांसल, पण त्यावर हिरवीगार, भरलेली पानं. पाहणारा हटकून विचारतो, "हा निवडुंगच ना? मग याला पानं कशी?"

निवडुंग नाही हो तो. तो रुईच्या घराण्यातला आहे. त्याला पानं कशी, हे समजून घ्यायचं तर आधी पान म्हणजे काय सौदा असतो ते पाहावं लागेल. वाटेत आडनावं, वाटण्या, माशा आणि एक गव्हर्नरसाहेबही भेटतील. एकेक घेऊ.

१. कड्यावरची ओळख

या झाडाचं मराठी नाव शिंदळ माकुडी. नावातला पहिला शब्द चारचौघांत उच्चारायला जरा जड जातो, पण झाडाचा त्यात काही दोष नाही. शास्त्रातलं जुनं आणि सर्वांत प्रसिद्ध नाव फ्रेरिया इंडिका.

खोड साधारण बोटाएवढं जाड, राखाडी झाक असलेलं हिरवं. ते ताठ उभं राहत नाही. कातळाच्या भेगेत मूळ रोवून बाहेर सरपटतं, नाहीतर कड्यावरून खाली लोंबतं. पानं लांबट आणि जाडसर. फूल मात्र वाकून बघावं असं: पाच कोनांची सपाट चांदणी, रुपयाच्या नाण्याएवढी, रंग गर्द तांबडा ते जांभळट, त्यावर पिवळट नक्षी आणि पाकळ्यांच्या कडांना बारीक केस. सप्टेंबर-ऑक्टोबर हा फुलांचा हंगाम.

तिथंच तुम्ही होळीच्या सुमारास गेलात तर पानही नसतं आणि फूलही. खडकाला चिकटलेल्या चार सुरकुतलेल्या काड्या दिसतात. भाद्रपदात पाहिलेलं झाड ते हेच, यावर विश्वास बसत नाही.

जुन्नरचा शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, साताऱ्याचा सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा अशा थोड्या ठिकाणी ही वनस्पती सापडलेली आहे. जगात इतरत्र ती कुंडीत दिसेल, पण आपली आपण उगवलेली दिसणार नाही. तिचं माहेर फक्त महाराष्ट्रातला सह्याद्री.

२. आडनाव आधी, नाव नंतर

पुढं जाण्याआधी तीन शब्द पक्के करून घेऊ: कुल, वंश आणि जाती. बोलताना आपण हे शब्द कसेही वापरतो. वनस्पतिशास्त्रात मात्र त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

वड, पिंपळ आणि उंबर ही तीन झाडं घ्या. तिन्ही वेगवेगळी, कुणी एकाला दुसरं म्हणणार नाही. या झाल्या तीन जाती. पण तिघांची फळं आतून सारखी आणि तिघांनाही चीक. म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना एका वंशात घातलं. त्या वंशाचं नाव फायकस. वड हा फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा. शाळेच्या हजेरीपटात असतं तसं आडनाव आधी आणि नाव नंतर. आडनाव म्हणजे वंश, नाव म्हणजे जाती. असे अनेक जवळचे वंश एकत्र केले की होतं कुल. फायकसच्याच कुलात फणस आणि तुतीही येतात.

आता गंमत अशी की फायकस या आडनावाची जगात शेकड्यांनी झाडं आहेत. फ्रेरिया या आडनावाचं एकच. फ्रेरिया इंडिकाला सख्खं भावंड नाही. अशा एकट्या जातीच्या वंशाला वनस्पतिशास्त्रात एक वेगळंच वजन असतं. फायकसची एखादी जाती नष्ट झाली तर घराण्यातला एक माणूस गेला. फ्रेरियाची एकुलती एक जाती नष्ट झाली तर आडनावच बुडालं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आठव्या भागात त्यालाच धक्का लागणार आहे.

३. रुईचं घराणं

शिंदळ माकुडी रुईच्या घराण्यातली आहे म्हटलं की लोकांना पटत नाही. रुई कुठे, ही कुठे! शिवाय रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. माकुडीच्या जवळच्या नातलगांचं खोड मोडलं तर पाणीदार रस येतो. मग नातं जुळतं कशावरून? फुलातल्या एका कुलुपावरून.

ते कुलूप घरी पाहता येतं. रुईची फुलं मारुतीच्या माळेमुळे कुठेही मिळतात. एक ताजं फूल घ्या. चीक डोळ्यात जाणार नाही इतकी काळजी घ्या. फुलाच्या मधोमध एक पाचकोनी चबुतरा दिसेल. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याशी भिंग धरलंत तर एक काळपट ठिपका आणि त्याच्याखाली उभी फट दिसेल. बारीक सुईचं टोक त्या फटीत खालून घाला आणि हलकेच वर ओढा. जमलं तर सुईला चिकटून दोन चपट्या पिवळ्या पिशव्या बाहेर येतात. दोन्ही वर त्या काळ्या ठिपक्याला जोडलेल्या, जणू कावडीला लटकवलेल्या दोन घागरी.

या पिशव्या म्हणजे पराग. जास्वंदीचा पराग पुडीतल्या हळदीसारखा सुटा असतो, बोट लावलं की सांडतो. रुईच्या घराण्यानं तो सुटा ठेवलेलाच नाही. सगळा पराग मेणचट पिशव्यांत बंद करून जोडीजोडीनं टांगलेला. फुलात अशा पाच जोड्या, म्हणजे एकूण दहा पिशव्या. काळा ठिपका हा चिमटा आहे. फुलावर आलेल्या किड्याचा पाय किंवा सोंड फटीत घसरली की चिमटा तिला पकडतो, आणि किडा उडताना अख्खी कावड घेऊन जातो. पुढच्या फुलात ती पिशवी बरोबर त्याच मापाच्या फटीत अडकली तरच बी धरतं. रुईवर हे काम मोठे काळे भुंगे करतात. त्यांच्या पायांत तेवढा जोर असतो.

सुट्या परागाचा कारभार म्हणजे रोज चार-आठ आणे उधळणं. पिशवीचा कारभार म्हणजे सगळी पुंजी एका हुंडीत. हुंडी पोहोचली तर एका फेरीत शेकडो बिया. हरवली तर सगळंच गेलं.

शिंदळ माकुडीच्या फुलातही हेच कुलूप आहे. फळही घराण्याला साजेसं: शिंगांसारख्या जोडीनं येणाऱ्या बारीक शेंगा, आणि आत रेशमी झुपका असलेल्या बिया. लहानपणी ज्या 'म्हातारी'च्या मागे आपण धावलो, तीच.

या घराण्याच्या वाटणीचीही एक गोष्ट आहे. करवंद, कण्हेर, सदाफुली, चाफा हे एका कुलात होते आणि रुईवालेही त्यांच्यातच. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१० मध्ये परागाच्या पिशव्यांकडे बोट दाखवून रुईवाल्यांची चूल वेगळी मांडून दिली. जवळजवळ दोनशे वर्षं दोन कुलं सुखानं वेगळी नांदली. पुढं डीएनए वाचता येऊ लागला तेव्हा कळलं की हे वेगळं कुल नव्हे, मोठ्या घरातलीच एक खोली आहे. १९९८ नंतर नव्या वर्गीकरणात दोघांची चूल पुन्हा एक झाली. म्हणजे आज रुई आणि करवंद अधिकृतपणे एकाच घरची.

४. पान महाग का पडतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पान ही झाडाची चूल. उजेड, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढ्या सामग्रीवर तिथं साखर शिजते. पाणी मुळांकडून येतं, उजेड वरून पडतो, कार्बन डायऑक्साइड मात्र दार उघडल्याशिवाय आत येत नाही. पानावर त्यासाठी सूक्ष्म दारं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. अडचण अशी की दार उघडलं की हवा आत येते आणि त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर पळते. साखर हवी तर पाणी गमवा, असा हा सौदा.

किती पाणी जाणार हे पृष्ठभागावर ठरतं. कणकेचा गोळा तासभर ताटात राहिला तरी आतून मऊ असतो. त्याच गोळ्याची पोळी लाटून ठेवली तर दहा मिनिटांत कडा वाळतात. कणीक तेवढीच, उघडा पृष्ठभाग वाढला.

एक छोटा हिशेब करून बघू. समजा खोडाचा तुकडा १० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड आहे. त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर आणि आतलं आकारमान सुमारे ८ घन सेंटिमीटर. म्हणजे एका घन सेंटिमीटरमागे साधारण ४ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. आता समजा एक पान आहे ५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड. त्याच्या दोन्ही बाजू मिळून २० चौरस सेंटिमीटर आणि आकारमान १ घन सेंटिमीटर. म्हणजे एका घन सेंटिमीटरमागे २० चौरस सेंटिमीटर.

तेवढ्याच मालाला पानात पाचपट उघडा पृष्ठभाग. उजेड पाचपट, हवा पाचपट, आणि पाण्याची गळतीही पाचपट. म्हणूनच रखरखीत प्रदेशातली झाडं पोळी लाटण्याच्या भानगडीत पडत नाहीत, गोळाच ठेवतात.

शिंदळ माकुडीच्या नात्यातल्या बहुतेकांनी हेच केलं. या मंडळींना त्यांच्यातल्या एका प्रसिद्ध वंशावरून स्टॅपेलियावाले म्हणू. ते मुख्यतः आफ्रिकेच्या कोरड्या भागातले; काही आपल्याकडेही आहेत. माळरानावरचं माकडशिंग त्यांपैकीच एक. त्यांचं पान इतकं आखडलेलं असतं की खोडावरचा एक बारीकसा खवला, एवढीच त्याची खूण उरते. सगळा कारभार हिरव्या खोडाकडे. या बिनपानी गोतावळ्यात शिंदळ माकुडी खरीखुरी, मोठी पानं मिरवते.

५. रात्रपाळी

हिरव्या खोडात साखर शिजवायची तरी दार उघडावं लागणारच. मग पाणी वाचलं कुठे? त्यावरची युक्ती आधी एका माणसाच्या जिभेला कळली. तो माणूस होता बेंजामिन हाइन, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत दक्षिण भारतात काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटीची पानं सकाळी चाखली तर आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी किंचित कडवट, असं त्याच्या लक्षात आलं. त्यानं ते लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. सकाळचा आंबटपणा दुपारी जातो कुठे, याचं पूर्ण उत्तर मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

उत्तर असं: पानफुटी दिवसा दारं लावून घेते आणि रात्री उघडते. रात्री हवा गार आणि दमट, त्यामुळं पाण्याची गळती कमी. पण रात्री उजेड नाही, म्हणजे चूल पेटत नाही. मग आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय? झाड त्याचं आम्ल बनवून पेशींच्या डब्यांत भरून ठेवतं. पहाटेपर्यंत डबे भरतात, म्हणून सकाळी पान आंबट. सूर्य उगवला की दारं बंद. डबे उघडून आम्लातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा आणि बंद घरात साखर शिजवायची. संध्याकाळपर्यंत आम्ल संपतं.

नोकरी करणारी गृहिणी रात्री भाजी निवडून, चिरून डब्यात ठेवते आणि सकाळी फोडणी देते, तसाच हा प्रकार. निवडुंग, अननस, कोरफड आणि आपले स्टॅपेलियावाले असंच जगतात.

यात तोटा एकच. डबे ठरावीक असतात. भरले की रात्रीचं काम बंद, मग सकाळी कितीही ऊन असो, तेवढ्याच डब्यांवर भागवायचं. म्हणून अशी झाडं सहसा सावकाश वाढतात. दिवसाच्या चुलीवरचं झाड ताजी भाजी आणून लगेच शिजवतं. पाणी असेल तेव्हा ते सरस ठरतं. रात्रपाळीचं झाड पाणी नसताना तग धरतं.

६. दोन चुली

आता प्रश्न आपोआप तयार होतो. पान आणि मांसल खोड दोन्ही असलेली शिंदळ माकुडी कुठल्या पाळीला जाते?

ओटो लांगे आणि मार्गिट त्सुबर या जर्मन संशोधकांनी ही वनस्पती मुद्दाम तपासायला घेतली आणि १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: दोन्ही. पानं साध्या झाडांसारखी दिवसपाळी करतात आणि खोड रात्रपाळी. एकाच झाडाच्या एका अवयवात एक पद्धत, दुसऱ्यात दुसरी. एका घरात दोन चुली.

आणि या घरात भांडण नाही, हंगामाची वाटणी आहे. ती समजायला कड्यावरचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऐकून वाटेल, तिथं पाण्याची बचत कशाला? पण हा पाऊस मुख्यतः चार महिन्यांत उरकतो, आणि उभ्या कातळावर पडलेलं पाणी उतरत्या कौलांवर पडल्यासारखं निघून जातं. माती म्हणाल तर भेगेत मूठभर. तेव्हा कड्यावरच्या झाडाला दोन टोकं सोसावी लागतात: चार महिने जिकडेतिकडे ओल आणि आठ महिने तापलेला दगड.

जूनमध्ये पाऊस पडला की शिंदळ माकुडी पानं काढते. पाणी फुकट आहे तोवर पाचपट पृष्ठभागाची उधळपट्टी परवडते. दिवसाची चूल रसरसून पेटते, खोडात साठा होतो, फुलं येतात. पाऊस सरला, दगड तापू लागला की पानं पिवळी पडून गळतात. दिवसाची चूल विझते आणि खोडाची चूल घर चालवते, पुढच्या मृगापर्यंत.

आफ्रिकेतल्या कोरड्या भागात राहणाऱ्या तिच्या नातलगांना असा हमखास सुगीचा काळ मिळत नाही, म्हणून त्यांच्याकडे दुसरी चूलच नाही. पान ठेवायला आधी पावसाची खात्री हवी. मोसमी पाऊस ती खात्री देतो. साग आणि पांगारा पानगळ करतात ते याच हिशेबानं. माकुडीनं त्याला रात्रपाळीची जोड दिली इतकंच.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं: पानं नसणं हा नियम नाही, तो जमाखर्चाचा निकाल आहे. जमा बदलली की निकाल बदलतो.

७. माशीसाठी मांडलेलं ताट

गर्द तांबडं फूल पाहून मधमाशीची आठवण होते, पण या गोतावळ्यात गिऱ्हाईक वेगळं आहे. स्टॅपेलियावाले मुख्यतः माशांना बोलावतात. त्यांच्या फुलांचे रंग शिळ्या मांसासारखे, वर केसांची लव, आणि काहींना तर सडक्या मांसाचा वास. आफ्रिकेतल्या मोठ्या स्टॅपेलियाच्या फुलावर माश्या मेलेलं जनावर समजून अंडी घालतात. अळ्या निघतात, त्यांना खायला काही मिळत नाही आणि त्या मरतात. फुलानं माशीला पुरतं फसवलेलं असतं.

फसलेली माशी फुलावर चाचपडत फिरते आणि तिची सोंड किंवा पाय त्या ओळखीच्या फटीत जातो. मग तोच चिमटा, तीच कावड. रुईचं कुलूप भुंग्याच्या जोराचं, इथलं नाजूक माशीच्या मापाचं. शिंदळ माकुडीचं फूलही त्याच घडणीचं आहे: पसरट, काळपट तांबडं, कडांना केस. मधाचा वाडगा नव्हे, माशी उतरायला मांडलेलं ताट.

८. फ्रियरसाहेबांचं आडनाव

जुन्नरच्या परिसरात ही वनस्पती शास्त्राच्या नजरेला आणली ती निकोल अलेक्झांडर डॅल्झेल या स्कॉटिश माणसानं. तो मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यात होता. अलेक्झांडर गिब्सन या आपल्या वरिष्ठासोबत त्यानं १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला होता. १८६४ च्या सुमारास त्यानं या नव्या झाडाचं वर्णन लिहिलं. पानं असलेलं हे विचित्र रोप त्याला कुठल्याच जुन्या आडनावात बसवता येईना, म्हणून त्यानं नवं आडनाव काढलं आणि ते मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून बेतलं: फ्रेरिया.

फ्रियर काही फक्त मुंबईचे साहेब नव्हते. त्याआधी ते साताऱ्याला रेसिडेंट होते, म्हणजे सज्जनगड त्यांच्या दारातच. पुढं मुंबईत जे प्रसिद्ध कारंजं उभं राहिलं त्यालाही आधी फ्रियर यांचं नाव द्यायचं घाटत होतं. शेवटी ते ओळखलं गेलं फुलांच्या रोमन देवतेच्या नावानं, फ्लोरा फाउंटन म्हणून. फुलांपुढं फ्रियरसाहेबांची हार झाली ती एकदा. दुसरी हार अजून व्हायची होती.

१९५८ मध्ये गॉर्डन रोली या इंग्रज अभ्यासकानं म्हटलं, पानं सोडली तर या झाडात वेगळं काय आहे? फूल, चिमटा, शेंगा सगळं कॅरलुमा या वंशासारखंच. म्हणून त्यानं फ्रेरियाला कॅरलुमात घातलं. पण कॅरलुमा इंडिका या नावाची दुसरी वनस्पती आधीपासून होती, आणि एका वर्गात एकाच नाव-आडनावाची दोन मुलं चालत नाहीत. म्हणून नवं नाव झालं कॅरलुमा फ्रेरी. फ्रियर आडनावातून उतरून नावात आले.

पुढं डीएनएच्या आधारे ती बुसेरोशिया या भारतीय वंशात गेली. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले ब्रॉइन्स आणि त्यांचे सहकारी आणखी पुढं गेले. त्यांनी सगळेच स्टॅपेलियावाले सेरोपेजिया वंशात ओतले. सेरोपेजिया म्हणजे आपली कंदीलपुष्पं, ज्यांच्या नाजूक वेलींना कंदिलासारखी फुलं येतात. लोंबतं मांसल खोड आणि नाजूक वेल एका आडनावाचे कसे?

त्यामागचं तर्कशास्त्र घरगुती आहे. समजा एका आजोबांना दोन मुलं, थोरला आणि धाकटा. धाकट्याच्या दोन मुलांपैकी एकानं दाढी राखली, वेश बदलला आणि आडनावही बदललं. आता बाकीचे सगळे 'जुने घरवाले' आणि हा एकटा परका, असं म्हणता येईल का? त्याचा सख्खा भाऊ तर जुन्या आडनावात आहे! रक्ताच्या हिशेबानं तो भाऊ थोरल्याच्या मुलांपेक्षा याला जवळचा. तेव्हा एकतर सगळ्यांनी एकच आडनाव लावावं, नाहीतर प्रत्येक शाखेला वेगळं द्यावं. डीएनएनं दाखवलं की स्टॅपेलियावाले हे कंदीलपुष्पांच्याच एका शाखेतून निघालेले, वेश बदललेले नातू आहेत. ब्रॉइन्स यांनी पहिला मार्ग निवडला. इतर अभ्यासकांपैकी काहींना दुसरा बरा वाटतो. वाद चालू आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेकांच्या तोंडी अजूनही फ्रेरियाच आहे.

तर दुसऱ्या भागातलं वाक्य आठवा: ही जाती गेली तर आडनाव बुडेल. झालं उलटंच. झाड कड्यावर जिवंत आहे आणि नव्या हिशेबात आडनाव आधीच बुडालं. नुसती चूल वेगळी मांडली म्हणून रक्त वेगळं होत नाही, हे रुईच्या कुलाबाबत कळलं होतं, ते इथं वंशाबाबत कळलं.

मग झाडाचं मोल घटलं का? मुळीच नाही. त्याचं मोल आडनावात कधी नव्हतंच. रात्रपाळीच्या गोतावळ्यात राहून दिवसाची चूल पेटवणं, आणि तीही मोसमी पावसाच्या तालावर, हे त्याचं खरं वेगळेपण. ते कुठल्याही यादीत कुठल्याही नावानं लिहा, कमी होत नाही.

९. कुंडीत भरपूर, कड्यावर मोजकी

शिंदळ माकुडी दुर्मिळ आहे म्हणताना एक कोडं पडतं. तिच्या खोडाचा तुकडा वाळूमिश्रित मातीत खोचला की सहज रुजतो. युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचघरांत ती दिमाखात फुलते. तरीही १९८० च्या दशकात जागतिक निसर्ग संवर्धन संघानं जगातल्या सर्वांत संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिचं नाव घातलं होतं. जी कुंडीत इतकी सोपी, ती रानात इतकी अवघड का?

पहिलं कारण जागेचं. तिला लागतो तो ओल धरणारा आणि लगेच निथळणारा उभा कातळ. तोही असा की जिथं शेळ्या-मेंढ्या पोहोचत नाहीत आणि वणवा चढत नाही. मांसल खोड जनावरांना आवडतं. म्हणून ती उरली ती कड्यांवर. ज्या कड्यामुळे गड शत्रूला अवघड झाला, त्याच कड्यानं तिला शेळीपासून राखलं. पण कडाही ढासळतो, आणि एक दरड कोसळली तर अख्खी वस्ती जाते.

दुसरं कारण मोजणीचं. एका खोडाचे शंभर तुकडे करून शंभर कुंड्यांत लावले तर रोपं शंभर झाली, पण वाण एकच. सगळी एकमेकांची हुबेहूब नक्कल. एखादा रोग त्यातल्या एकाला मारू शकला तर शंभरांना मारेल. शिवनेरीवरची दहा रोपं बियांतून, म्हणजे वेगवेगळ्या आई-बापांतून आली असतील, तर वाणाच्या हिशेबात ती दहा त्या शंभरांवर भारी. त्या हुंडीसारख्या परागपिशव्या माशीनं एका रोपावरून दुसऱ्यावर नेल्या तरच असं नवं वाण तयार होतं. कुंडीत झाड वाचतं. माशी, कडा आणि पाऊस यांचा व्यवहार वाचवायचा तर कडाच वाचवावा लागतो.

म्हणून सप्टेंबरात गडावर ती भेटली तर फोटो काढा, महिना आणि पानांची स्थिती टिपून ठेवा, पण तुकडा खिशात घालू नका. तिचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवरही टाकू नका.

आणि गडाच्या साफसफाईला उन्हाळ्यात गेलात, हातात विळा आहे आणि समोर कातळाच्या खाचेत चार सुरकुतलेल्या राखाडी काड्या दिसल्या, तर वाळलेलं तण म्हणून खरवडायच्या आधी जरा थांबा. नखानं हलकेच दाबून पाहा. आतून ओलसर, किंचित लवचीक लागलं तर तो विळा कमरेला परत अडकवा. ती काडी मेलेली नाही, ती रात्रपाळीला आहे.